कडू तुंबा

त्या भोपळ्याची भाजी मी चण्याची डाळ घालून केली होती. फोडणी मनासारखी बसली, सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरून वरून टाकला आणि चव पाहायला चमचाभर रस्सा तोंडात घेतला. कडू. मेथी जळली की काय, असं आधी वाटलं, पण मेथी मी घातलीच नव्हती. मग गुळाचा खडा टाकला, ढवळलं, पुन्हा चमचाभर घेतलं. आधी गूळ लागला आणि त्याच्या मागून तोच कडूपणा आला, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा.

माझे यजमान वनरक्षक. आलापल्लीच्या पुढं जंगलातल्या एका गावाला त्यांची बदली झाली आणि पावसाळ्याच्या तोंडी आम्ही तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेलो. मुलगी चंद्रपूरला होस्टेलवर होती. मी बल्लारपूरच्या कॉलनीत वाढलेली. भाजी पिशवीतून घरी येते, एवढीच माझी भाजीशी ओळख. क्वार्टरच्या मागं सांदवाडी होती, म्हणजे भाजीपाला लावायचं मोकळं आवार. तिच्या पलीकडे बांबूचा कूड आणि कुडाला लागून एका गोंड जोडप्याचं घर. दोघंही साठीच्या आसपासची. त्यांच्या छपरावर चढलेला वेल कुडावरून आमच्या बाजूला उतरला होता. भादवा संपत आला तेव्हा आमच्या बाजूला त्याला एक हिरवा, कोवळा भोपळा लोंबत होता. खाली गोल, मध्ये बारीक, वर पुन्हा जरा फुगीर. त्याच्या कंबरेला चिंधी गुंडाळली होती. वाऱ्यानं पडू नये म्हणून बांधली असेल, असं समजून मी ती सोडली आणि भोपळा तोडला. आपल्या बाजूला आलं ते आपलं, असं मला तेव्हा वाटायचं.

तिसरा चमचा उचलला तेवढ्यात शेजारच्या बाई कुडाच्या फटीतून थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या हातात मी मघाशी सांदवाडीत टाकलेली सालं होती.

"हे तुनं सोललं?"

"हो."

"शिजोलं?"

"झालीच आहे भाजी. थोडी कडू लागते, पण..."

"खाल्लं काय?" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की माझ्या हातातला चमचा खाली पडला.

"दोन चमचे. चव पाहिली फक्त."

त्यांनी पदरानं धरून गॅसवरचा गरम गंज उचलला, सांदवाडीच्या कोपऱ्यात विळ्यानं खड्डा केला आणि सगळी भाजी त्यात ओतून वर माती लोटली. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून त्यावर एक मोठा दगड ठेवला. मग परत येऊन माझ्यासमोर फरशीवर बसल्या.

"कडू तुंबा आहे तो. खाच्चा नाई. उलट्या करू करू मानूस अर्धा होते."

संध्याकाळपर्यंत त्या हलल्या नाहीत. मला एकदा उलटी झाली, मग हळूहळू शांत वाटलं. यजमान जंगलातून परत आले तेव्हा बाईंनी त्यांना सगळं असं सांगितलं की माझ्यावर रागवावं की हसावं, हे त्यांना कळेना. उठताना बाई मला म्हणाल्या, "उद्या निस्ता वरन-भात खाय."

तुंबा कशासाठी राखला होता, ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याकडून कळलं. त्यांना मी भाऊ म्हणायची. भाऊ कुडाचा सैल झालेला बांबू बांधत होते. हसत हसत म्हणाले, "तुमी खाल्ला तो आमच्या बाईचा तुंबा होता. वाळला का मोह वेचाले जाते तवा त्यात पानी न्याचा. जुना फुटला. हा फूल होता तवापासून तिची नजर होती त्याच्यावर."

मला इतकी लाज वाटली की मी घरातली स्टीलची पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याकडे गेले. बाईंनी ती घेतली, झाकण उघडून पाहिली, वास घेतला आणि खुंटीला टांगून ठेवली. ती आजही तिथंच असावी.

परत निघताना मात्र मला राहवेना. मी विचारलं, "बाई, ती चिंधी कशाला होती?"

"कंबर कराले."

"म्हणजे चिंधी बांधली नसती तर?"

"तर गोल मटोल झाला असता. कंबर नाई त दोरी कुठी बांधनार? खांद्यावर कसा नेनार?"

मग त्यांनी मला वेलाखाली नेलं. आणखी तीन तुंबे होते. एक छपरावर आडवा पडलेला, दोन लोंबणारे. कोवळा असतानाच चिंधी बांधायची, फळ वाढेल तशी दर चार-पाच दिवसांनी सैल करायची, नाहीतर कापडाचा वळ पडून तिथं सडतं. मान लांब हवी असेल तर लोंबू द्यायचा. चपटं बूड हवं असेल तर छपरावर बसवायचा. मी एकामागून एक विचारत होते आणि त्या उत्तर देत होत्या. शेवटी त्यांनी मुठीएवढा एक नवा तुंबा वेलासकट कुडावरून आमच्या बाजूला सोडला.

"हा तुहा. आता याले खाऊ नोको."

मी बोट दाखवून विचारलं, "हा?" तशी त्यांनी माझं बोट धरून खाली केलं. कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नसतं, फळ गळतं. दाखवायचंच तर बोट दुमडून, मुठीनं दाखवायचं.

हे मी आधीही कुठंतरी ऐकलं होतं, पण आता माझ्याकडे वेल होता आणि दुपारभर वेळ होता. वेलाच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढी पाच नवी फळं दिसली. मी त्यातल्या दोन फळांना रोज सकाळी सरळ बोट दाखवायचं ठरवलं. उरलेल्या तिन्हींकडे फक्त पाहायचं. आठवडाभरात बोट दाखवलेली दोन्ही पिवळी पडून गळाली. मी घाबरलेच. पण दोन दिवसांनी न दाखवलेल्यांपैकीही दोन गळाली. एकच टिकलं. बाईंना हे सांगायची हिंमत झाली नाही. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग निकाल काय लागला?" निकाल काहीच लागला नव्हता.

गळणाऱ्या फळांचा विचार करता करता मी फुलांकडे पाहू लागले. दिवसा ती मिटलेली, चुरगळलेली असायची. एकदा दिवेलागणीच्या आधी वाळत घातलेले कपडे काढायला गेले, तर सगळा वेल उघडलेल्या पांढऱ्या फुलांनी भरलेला. पाहता पाहता एक जाडजूड पतंग आला, फुलापुढं हवेतच थांबला आणि लांब सोंड आत घालून पुढच्या फुलाकडे गेला. मग दुसरा आला. मी कपडे हातात घेऊन उभीच राहिले. ज्या फुलाकडे कोणी येत नसेल त्याचं फळ गळत असेल, असा मी अंदाज बांधला. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "येत असन पाखरू. पन बोट दाखवू नोको." माझा प्रयोग त्यांनी कुडाच्या फटीतून पाहिला होता, हे तेव्हा कळलं.

दसरा झाला. गावातल्या बायका पांढऱ्या मातीनं भिंती सारवू लागल्या. क्वार्टरच्या सिमेंटच्या भिंतींना सारवणाची गरज नव्हती, म्हणून मी बाईंच्या भिंतीला हात लावायला जाऊ लागले. धान पिवळं पडत होतं. कुडावर वालाचे वेल फुलले होते, सांदवाडीत सांबार आणि मेथी उगवली होती आणि माझा तुंबा दुपटीनं वाढला होता. त्याची कंबर मात्र जरा तिरकी झाली. चिंधी मी सैल करायची, पण बांधताना दर वेळी थोडी वर सरकायची.

एकदा भिंत सारवताना बाईंनीच मला विचारलं, "बल्लारपूरले बांबूचा कागद करते म्हन्ते. खरं काय?"

"हो, करतात."

"कसा करते?"

माझ्या वडिलांची सगळी नोकरी कागदाच्या कारखान्यात गेली. तिथल्या भोंग्यावर वेळ धरून आम्ही शाळेत गेलो. आणि बांबूचा कागद कसा होतो, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. मी बाईंना तसंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हातातला पोतेराही जड वाटला.

त्याच दुपारी नेटवर्क मिळतं त्या पाण्याच्या टाकीजवळ जाऊन मी वडिलांना फोन लावला. ते आधी म्हणाले, "काऊन, काय झालं?" काही झालं नाही, फक्त विचारायचं आहे, असं सांगितल्यावर पाऊण तास बोलत राहिले. बांबूचे तुकडे, मग मोठ्या भांड्यात औषध घालून शिजवणं, मग धुणं, मग लगदा, मग जाळीवर पसरणं. कुठल्या मशिनीवर कोण होतं, हेही सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी परत येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या पान्याचं काय करते?" ते मी वडिलांना विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकीजवळ गेले.

दिवाळीनंतर वेल सुकला. तुंब्याचा हिरवा रंग जाऊन तो फिकट झाला, देठ काडीसारखा झाला. बाई रोज त्यावर नख दाबून पाहायच्या. नख उमटेनासं झालं तेव्हा म्हणाल्या, "आता तोड." त्यांनी तापवलेल्या सळईनं वरच्या टोकाला भोक पाडलं आणि त्यातून पाणी भरायला लावलं. आतला गर सडवायचा होता.

त्या सडण्याचा वास मी विसरणं शक्य नाही. चौथ्या दिवशी यजमान म्हणाले, "घरात एक तर हा राहील नाहीतर मी." तुंबा सांदवाडीत गेला. आठ-दहा दिवसांनी मी नाकाला पदर लावून पाणी ओतलं. लिबलिबीत गर आणि बिया बाहेर आल्या. मग आत बारीक खडे आणि पाणी घालून खळखळून हलवायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. माझे दंड दुखून आले. चौथ्या-पाचव्या वेळी पाणी स्वच्छ आलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. अजून कडू. म्हणून आणखी तीन दिवस रोज पाणी बदललं.

वाळवताना मी घाई केली. बाईंनी सावलीत टांगायला सांगितलं होतं. ढगाळ दिवस होते, तुंबा आतून ओलाच वाटायचा. ऊन पडलं त्या दिवशी मी तो पत्र्यावर ठेवला. दुपारी बारीकसा आवाज आला. काढून पाहते तर पोटावर वीतभर तडा.

मी तो ओच्यात घेऊन बाईंकडे गेले तेव्हा मला रडूच येत होतं. एक तुंबा खाल्ला, दुसरा फोडला. बाईंनी तड्यावरून अंगठा फिरवला. "सावलीत टांगाले सांगतलं होतं ना तुले?"

"हो."

"मंग उनात काऊन ठेवला?"

"लवकर वाळावा म्हणून."

त्या उठल्या आणि आतून पळसाच्या मुळीचा वाक घेऊन आल्या. मुळी ठेचून काढलेले ते चिवट धागे असतात, दोर वळायला वापरतात. दाभणानं तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडली आणि गोधडीला टाके घालावे तसा तडा शिवला. मी तुंबा धरून बसले होते. लाकडासारख्या कडक झालेल्या फळाला कोणी शिवू शकतं, हे मला माहीत नव्हतं. मग भाऊंनी लाखेचा तुकडा आणला. विळ्याचं टोक चुलीत तापवून त्यावर लाख वितळवत त्यांनी ती टाक्यांवर बसवली. तांबूस, चकचकीत पट्टी तयार झाली.

"आता पानी ठरन काय?" मीही त्यांच्यासारखी बोलू लागले होते.

"भरून पाय," बाई म्हणाल्या.

भरून ताटात ठेवला. एका टाक्याखालून थेंब झिरपत होता. भाऊंनी पुन्हा लाख लावली, पुन्हा भरला. संध्याकाळपर्यंत ताट कोरडं राहिलं. मग बाईंनी तो आपल्या चुलीवर धुरात टांगला, कारण माझ्याकडे गॅस होता आणि गॅसला धूर नसतो. तिथं तो पौष लागेपर्यंत राहिला.

काळपट होऊन परत आला तेव्हा मी म्हटलं, "बाई, हा तुम्ही ठेवा. तुमचा मी खाल्ला."

त्या हसल्या. "शिवलेला कोन घेते? माह्याकडे दोन चांगले निघाले. तुले वाकडा झाला, फुटला, तूच वापर." आणि कंबरेला बांधायला वाकाची दोरी वळून दिली.

त्या वर्षी मोहफुलं पडू लागली तेव्हा मी त्यांच्याबरोबर पहाटे गेले. खांद्यावरचा तुंबा चालताना पाठीला लागत होता. पहिल्या झाडाखाली टोपली अर्धी झाल्यावर मी त्यातून पाणी प्यायले. गार होतं, धुराचा वास होता आणि अगदी शेवटी, घोट गिळून झाल्यावर, किंचित कडसर लागलं. मी बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या तुंब्यातून एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि म्हणाल्या, "बरा आहे. पुढच्या मोहाले अजून बरा होईन." मग आम्ही खाली बसून फुलं वेचू लागलो.