हरसूलच्या रानातल्या शिट्ट्या

पौषातल्या एका सकाळी नाशिकहून त्र्यंबकच्या मोटारीत बसलो तेव्हा मी चांगला खुशीत होतो. डोंगरशोध पथकाची थोरवी गाणारे पत्रक लिहायचे होते, म्हणून पथकाबरोबर निघालो होतो.

पथक जन्मले ते संतापातून. ब्रह्मगिरीच्या धुक्यात वाट चुकलेले यात्रेकरू कड्याखाली पडून राहात. पाटील म्हणे फौजदार बघेल, फौजदार म्हणे पाटील बघेल. शेवटी एक कवायत मास्तर चिडले. तालमीतली पोरे, दोर आणि एक डोली जमवून ते स्वतःच दरीत उतरू लागले. सगळ्यांना खाकी कपडे शिवले, कारण खाकी मळत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवली, कारण ती हाकेपेक्षा लांब जाते. तिला ओ देऊन कितीतरी माणसे घरी परतली.

या खेपेचा निरोप हरसूलच्या अब्बासचाचांचा होता. हे तिथले किराणा दुकानदार. काळू नावाच्या मजुराची बायको मंजी आदल्या दिवशी सरपणाला रानात गेली ती परतलीच नव्हती.

त्र्यंबकच्या पुढे बैलगाडी. वाळल्या गवताचे पिवळे डोंगर, मधूनच साग. हरसूलला पोचलो तो बाजाराचा दिवस. मोळ्या विकायला बसलेल्या बाया आम्हाला पाहताच उठून गेल्या. मोळ्या तिथेच पडून.

"लाजल्या वाटतं," एक पोरगा म्हणाला. आम्ही हसलो.

काळूही घरी नव्हता. "बायको हरवली नि हा पठ्ठ्या फिरायला!" दुसऱ्याने टोमणा मारला.

मास्तरांनी वेळ दवडला नाही. ओहोळाच्या काठाने धुळीची पायवाट जात होती. तिच्यावरून पोरे शिट्ट्या फुंकत गेली. फुंकायचे, थांबायचे, कान द्यायचे. उत्तर आले नाही. दिवस कलला तसे आम्ही दुसऱ्या वाटेने गावात उतरलो.

चाचांनी नागलीची (नाचणीची) भाकर आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी वाढली. मग हळूच म्हणाले, "मास्तर, काळू माझ्याच गोदामात बसलाय. पोत्यांमागं. तुम्हाला बघून पळाला."

"आम्हाला बघून? ते का?"

"अहो, खाकी नि शिट्टी! जंगलचे शिपाई दुसरं काय घालतात? राखीव रानात काटकी मोडली की शिट्टी वाजते. मग कोयती जाते, दंड होतो, वर मार."

मास्तरांचा घास हातातच राहिला. काळूला बाहेर आणले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, आम्ही तिला आणायला आलोय."

"व्हय साहेब," काळू म्हणाला. "पन तिला कोन सांगल?"

अंधारात त्या ओहोळाच्या दरीत उतरता येईना. थंडी अशी होती की घोंगडीत दात वाजत होते, आणि ती बाई उघड्यावर होती.

पहाटे शिट्ट्या चाचांच्या दुकानात ठेवून निघालो. काळू पुढे, हाका मारत: "मंजेऽ, मी हाय गं!" पायवाटेवर आमच्या खिळ्यांच्या बुटांचे कालचे ठसे स्पष्ट होते. एके ठिकाणी काळू थांबला. ओहोळातून वर आलेली, अंग ओढत गेल्याची खूण त्या ठशांवरून आडवी गेली होती. ठशांखालून नव्हे, वरून. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा ती खाली ओहोळात होती, जिवंत. आम्ही पुढे गेल्यावर, पुन्हा येऊ या धास्तीने, ती पलीकडच्या करवंदीच्या जाळीत सरपटत गेली होती.

जाळीतच सापडली. पाय मोडलेला, अंगावर ओढून घेतलेला पाचोळा, कोयती दगडाखाली दडवलेली. कण्हणे ऐकू जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात. अंग गार.

काळूने तो बोळा काढला. "शिट्टी वाजली का गप ऱ्हायचं," तो म्हणाला. "मीच सांगलेलं तिला."

डोलीला काही वजनच नव्हते.

परतीच्या मोटारीत मी पत्रकाचा मथळा मनात जुळवत होतो. चुलीपुरत्या काटकीला गुन्हा ठरवणाऱ्या सरकारने ही बाई मारली! हे खरे आहे, आणि मी ते छापणारच. पण काल त्या सरकारचा धाक रानात हिंडवला कोणी? आम्ही. फुकट, आणि छाती काढून.

"कपडे बदलू," मास्तर म्हणाले. "शिट्ट्या टाकून देऊ."

"आणि धुक्यातल्या यात्रेकरूंना काय ऐकू जाईल?" एका पोराने विचारले.  

रस्त्याच्या कडेने बाया मोळ्या घेऊन येत होत्या. मोटारीत खाकी दिसताच त्यांनी मोळ्या टाकल्या आणि खाली चरात दडल्या. मास्तर बाहेर झुकून ओरडले, "बायांनो, आम्ही ते नव्हे!"

मोटार पुढे गेली. मी वळून पाहात राहिलो. धूळ खाली बसली, पण चरातून एकही डोके वर आले नाही.