पवनचक्कीखालचा नवरा

फिटर हे काही त्याचं नाव नव्हतं, पण हाक तीच होती. कोळशाच्या वीजकेंद्रात लागला तेव्हापासून सगळे त्याला फिटर म्हणत. लग्नानंतर सासरचेही तेच म्हणायला लागले. टर्बाइनच्या बेअरिंगला सळईचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि आतलं दुखणं ओळखायचं, ही त्याची ख्याती. गडी मनाने दिलदार होता. कुणाला बढती मिळाली की पाठ थोपटायला हाच पहिला. मत्सर ही रिकाम्या माणसांची करमणूक असते, असं तो म्हणायचा. स्वतः रिकामा झाला तेव्हा त्याला या वाक्याची आठवण करून द्यायची कुणाची हिंमत झाली नाही.

वीजकेंद्र बंद करायचा निर्णय वरून आला. धुराची वीज नको, वाऱ्याची आणि उन्हाची हवी, हे म्हणणं फिटरलाही चूक वाटत नव्हतं. त्याच्या आईच्या छातीतली घरघर वीजकेंद्राच्याच राखेने वाढवली होती. ज्यांची कामं गेली त्यांच्यासाठी सरकारने पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं प्रशिक्षण ठेवलं होतं, पण घरटी जागा एकच. फिटरने अर्ज केला. यंत्र ते यंत्र, त्याला वाऱ्याने फिरव नाहीतर वाफेने, त्यात काय मोठं, असं तो बायकोला म्हणाला. बायकोचंही काम गेलं होतं. ती वीजकेंद्राच्याच कँटीनमध्ये होती.

निवडीच्या दिवशी ती सोबत गेली, ती नुसती सोबत म्हणून. मैदानात सरावाचा एक उंच मनोरा होता आणि त्याला सरळसोट शिडी. फिटर ऐटीत पहिल्या पायऱ्या चढला. अर्ध्यावर पोचल्यावर त्याने एकदा खाली पाहिलं आणि त्याचे हात शिडीला जे चिकटले ते सुटेचनात. जन्मभर काम जमिनीवर केलेलं; आपल्याला उंचीची भीती आहे हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. शेवटी प्रशिक्षकाने वर जाऊन एकेक पाय हाताने धरून त्याला खाली आणलं. खाली रांगेत उभे होते ते सगळे त्याचेच जुने सोबती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

जागा वाया जाऊ नये म्हणून प्रशिक्षकाने बायकोला विचारलं, तुम्ही बघता का प्रयत्न करून? तिने केस घट्ट बांधले, फिटरच्याच कमरेचा पट्टा आपल्याला लावून घेतला आणि जिन्यावरून गच्चीवर कपडे वाळत घालायला जावं तशी वर गेली. टोकावरून तिने हात हलवला. फिटरनेही हलवला. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "आमच्या घराण्याची लाज राखलीस." घरी जाताना मात्र तो तिच्या दोन पावलं पुढे चालत राहिला.

तिचं प्रशिक्षण झालं, नोकरी लागली. पवनचक्कीवर एकट्याने चढायचं नाही, हा तिथला पहिला नियम. दोघांची जोडी ठरलेली असते आणि दोघं एकमेकांचे पट्टे तपासल्याशिवाय शिडीला हात लावत नाहीत. तिच्या वाट्याला आला लांब्या. ताडासारखा उंच, वयाने तिच्याहून लहान, पूर्वी विजेच्या खांबांवर काम केलेला. कामावरचा शब्द होता जोडीदार. ती घरी आली की तिचं निम्मं बोलणं त्याच शब्दाने सुरू व्हायचं. माझा जोडीदार म्हणतो, वारा दुपारनंतर वाढेल. माझ्या जोडीदाराला आज काय सुचलं माहितेय का?

"जोडीदार मी," फिटर एकदा म्हणाला. "तो तुझा सहकारी."

ती खळखळून हसली. आईसुद्धा हसली. फिटर हसला नाही.

लांब्या तिला ताई म्हणायचा आणि त्या नात्याने फिटरला भाऊजी. पण ताई म्हटल्याने काय होतं? बोलायला काय, जिभेला हाड नसतं. तिच्या दंडांना आलेला पीळ, तिची भराभर चालायची नवी सवय, घरात शिरताना तिच्या अंगाला येणारा ग्रीसचा वास, या सगळ्यात फिटरला लांब्या दिसायला लागला. ग्रीसचा वास तर पूर्वी त्याच्या अंगाला यायचा. तेव्हा ती नाक मुरडून म्हणायची, आधी अंघोळ करा. आता तोच वास ती मिरवत होती, आणि हा स्वच्छ हातांनी दार उघडत होता.

फिटर गावातले पंप दुरुस्त करून दिवस ढकलत होता. पवनचक्कीवाल्यांच्या व्हॅनचा चालक सोडून गेला तेव्हा त्याने ती जागा मागून घेतली. आईला म्हणाला, बांधलेलं काम बरं. खरं कारण आईने न सांगता ओळखलं. राखणदारीला चाललायस तर पाण्याची बाटली घेऊन जा, एवढंच ती म्हणाली.

रोज सकाळी तो दोघांना माळावर न्यायचा आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी गाडी लावायचा. मग त्याच्या डोळ्यांसमोर ते सुरू व्हायचं. लांब्या तिच्या पाठीमागे उभा राहून खांद्याचे पट्टे दोनदा ओढून बघायचा, मांडीची बक्कलं तपासायचा, आणि शेवटी तिच्या हेल्मेटवर टिचकी मारायचा. मग तिची पाळी. तो गुडघ्यात वाकायचा आणि ती त्याच्या मानेपासून पोटरीपर्यंत एकही शिवण न सोडता बोट फिरवायची. इतक्या निगुतीने तिने माझ्या शर्टाचं बटण तरी कधी पाहिलंय का, असं फिटरच्या मनात यायचं. त्यात काही वावगं नाही, हे त्याला कळत होतं. कळल्याने जळजळ कमी होत नाही.

शेजारच्या निवृत्त मास्तरांना पक्षी बघायचा नाद होता. फिटरने त्यांची दुर्बीण मागून आणली. पक्षी बघायला, असं सांगितलं, आणि मास्तरांनी खूश होऊन त्याला घारींविषयी तासभर ऐकवलं. दुर्बिणीतून फिटरला दिसलं की दुपारी ती दोघं पवनचक्कीच्या डोक्यावरचं झाकण उघडून पाय पसरून बसतात आणि एकाच डब्यातून खातात. डबा फिटरने भरलेला होता. त्या दिवशी संध्याकाळी तिने डबा छान झाला होता म्हटलं, तर तो म्हणाला, "कुणाला?"

असेच दिवस चालले असताना एकदा दुर्बिणीत त्याला हवं ते सापडलं. वरून पडू नये म्हणून प्रत्येकाच्या पट्ट्याला दोन हूक असतात. एक सोडायचा तो दुसरा अडकवल्यावरच. झाकणाचा पत्रा वाऱ्याने उचलला गेला तेव्हा लांब्याने तो धरायला झेप घेतली, आणि घेताना क्षणभर दोन्ही हूक सोडले. पत्रा हातात आला, हूक पुन्हा लागला. सगळं पापणी लवायच्या आत झालं. पण फिटरने पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरच्या कानावर घातलं. मी माझ्या बायकोच्या जिवासाठी सांगतोय, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

लांब्याने विचारल्यावर लगेच कबूल केलं. त्याचं वर चढणं बंद झालं, त्याला गोदामात बसवलं. फिटरला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण दुसरा जोडीदार मोकळा नव्हता, आणि जोडीदार नाही म्हणजे बायकोलाही चढता येईना. तीही गोदामात नटबोल्ट निवडत बसली, आणि तेही लांब्याशेजारी. पूर्वी वारा तरी दोघांच्या मध्ये असायचा. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात म्हणतात, त्यातला प्रकार. ती घरी यायची ती मुकाट्याने. तक्रार कुणी केली असेल, असं तिने दोन-तीनदा मोठ्याने नवल केलं, तेव्हा फिटर प्रत्येक वेळी ताटात बघत राहिला.

मग वादळ आलं. वादळं पूर्वीही यायची, दिवे जायचे आणि तासाभरात यायचे. या वेळी एक मोठी लाइन तुटली आणि तिचा धक्का विजेच्या सगळ्या जाळ्यात पसरला. पूर्वी असा धक्का वीजकेंद्रातली अजस्र यंत्रं आपल्या वजनावर झेलायची. ती आता थंड पडली होती. त्यांच्या जागी मोठ्या बॅटऱ्या यायच्या होत्या, पण त्यांचा खर्च कुणी करायचा यावर दोन खात्यांचं घोडं अडलं होतं, आणि बॅटऱ्यांसाठी बांधलेले चौथरे नुसते रिकामे होते. पवनचक्क्यांनी स्वतःला वाचवायला पाती थांबवली. एकापाठोपाठ एक गावं अंधारात गेली. नळाला पाणी येईना. इस्पितळात जनरेटरची घरघर सुरू झाली, त्याला डिझेल पुरेल की नाही याची चर्चा पाण्याच्या रांगेरांगेत होऊ लागली.

वादळ ओसरल्यावर प्रत्येक पवनचक्की आत चढून तपासायची होती, त्याशिवाय ती पुन्हा जोडता येणार नव्हती. माणसं अपुरी पडली. सुपरवायझरने लांब्याची शिक्षा उठवली आणि भल्या सकाळी स्वतः माळावर आला. फिटरने दोघांना उतरवलं, तेव्हा सुपरवायझर घाईघाईत म्हणाला, "झालं गेलं विसरा. आणि ताई, तुमच्या मिस्टरांवर राग धरू नका. त्यांनी सांगितलं ते तुमच्याच काळजीने."

फिटरच्या बायकोने सुपरवायझरकडे पाहिलं, मग फिटरकडे. लांब्या खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती.

सुपरवायझर पुढच्या मनोऱ्याकडे निघून गेला. लांब्या सवयीने तिच्या पाठीमागे आला, तर ती म्हणाली, "तू नको. आज हे बघतील." आणि फिटरकडे पाठ करून उभी राहिली. "बघा ना. नियमांची एवढी काळजी आहे तुम्हाला."

फिटर पुढे झाला. पट्टे कुठून सुरू होतात हेही त्याला धड कळेना. लांब्याने हळू आवाजात सांगितलं, "भाऊजी, खांद्यापासून. ओढून बघा, नुसता हात नका लावू." त्याने ओढलं. तिचं सगळं अंग त्या ओढीबरोबर मागे आलं. पाठीवरच्या कडीला त्याने बोट घातलं, आणि त्याला उमगलं की शिडीवरून पाय सुटला तर ती या एवढ्याशा कडीवर लटकणार आहे. लांब्या रोज हे बघत होता. फिटरला नुसतं ते टिचकी मारणं दिसलं होतं, कडी दिसली नव्हती. त्याने सगळी बक्कलं पुन्हा तपासली. मग तो म्हणाला, "ठीक आहे." ती वळली नाही. सरळ मनोऱ्यात शिरली.

वीज नव्हती म्हणून आतली लिफ्ट बंद. दोघांना सगळी शिडी पायांनी चढावी लागली. फिटर वॉकीटॉकी घेऊन खाली बसला. त्या दिवशी ती दोघं अशी एकामागून एक मनोरे चढली आणि उतरली. वॉकीटॉकीवर दोघांचे आवाज यायचे, तुटक, एकमेकांचं वाक्य पुरं करणारे. फिटरला त्या आवाजांचा हेवा वाटला. या हेव्यात लांब्या पुरुष असण्याचा फारसा संबंध नव्हता. टर्बाइनच्या मजल्यावर आपणही असेच बोलायचो, हे त्याला आठवलं.

संध्याकाळी माळावरची पाती फिरायला लागली आणि गावात दिवे आले. घरी आल्यावर आई झोपायच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, जे ती कधी करत नसे.

"तुम्ही लांब्यावर जळताय असं वाटलं असतं ना, तर मला थोडं बरंच वाटलं असतं," बायको म्हणाली. "या वयात नवरा जळतोय म्हणजे काय कमी आहे? पण तुम्ही माझ्यावर जळताय. मी वर पोचले आणि तुम्ही अर्ध्यावर राहिलात म्हणून."

फिटरने उत्तर शोधून पाहिलं. "हो," तो म्हणाला.

"मग मला सांगायचं. त्याला कशाला खाली ओढलंत?"

ती काही दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. तो लांब्याकडे जाऊन माफी मागून आला. लांब्याने त्याला चहा पाजला आणि हूक सोडले ही चूक माझीच होती म्हणाला, त्यामुळे फिटरला आणखीच ओशाळं वाटलं. माणूस चांगला निघावा यासारखी दुसरी अडचण नाही.

त्या अंधाराने दोन खात्यांचं भांडण मात्र मिटवलं. बॅटऱ्या चौथऱ्यांवर बसल्या, आणि जुन्या वीजकेंद्रातला एक जनरेटर कोळशाशिवाय नुसता फिरत ठेवायचं ठरलं. वीज बनवायला नाही, जाळ्याला बसणारे धक्के त्याच्या वजनाने झेलायला. त्यासाठी जुन्या माणसांपैकी काहींना बोलावलं, त्यात फिटरही होता. त्याच्या अंगाला पुन्हा ग्रीसचा वास येऊ लागला. घरात साबण लवकर संपायला लागला, आणि अंघोळीला आधी कोण यावरून कुरबुरी होऊ लागल्या.

तरी मनातली जळजळ गेली असं नाही. बायकोचा पगार, तिचं सगळ्यांत होणारं कौतुक, ती सहज म्हणून सांगायची ते वरचं आभाळ. कधी कधी त्याला अजून खुपायचं.

पुढे लांब्याला समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम मिळालं आणि तो लांब गेला. तिला नवी जोडीदार मिळाली, एक धिप्पाड मुलगी. लांब्या गेला त्या संध्याकाळी बायको घराच्या पायरीवर गप्प बसून होती. डोळे पुसले नाहीत, पण पुसण्याच्या बेतात होती. फिटर दारातून बघत राहिला. मग तो बाहेर आला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तू त्याच्यासाठी अशी बसलीयस ना, त्याचाही मला हेवा वाटतोय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ती थोडी बाजूला सरकली आणि पायरीवर त्याच्यापुरती जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "आणि थोडा वेळ बोलू नका."

तो बसला. जळत होता, पण गप्प बसला.