मनातल्या मनात वाचायचं पान

डॉक्टर थिओडोशिया गेदर वारल्या तेव्हा अमेरिकेतल्या हार्कर्स बेंड गावच्या निम्म्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. उरलेल्या निम्म्यांनी आधी सुटकेचा श्वास सोडला आणि मग हळहळ व्यक्त केली.

बाईंनी गावातल्या कॉलेजात एकेचाळीस वर्षं इतिहास शिकवला आणि चर्चमध्ये तो कुणी न विचारता शिकवला. पाद्री मेह्यूंनी प्रवचनात एखादं साल चुकवलं की तिसऱ्या बाकावरून बाईंचा हात वर जायचा आणि साल दुरुस्त होईपर्यंत खाली यायचा नाही. लग्नाची आमंत्रणं त्या लाल पेन्सिलीने तपासून आहेरासोबत परत करायच्या. विद्यार्थ्यांच्या पेपरांवर पुढच्या बाजूला नुसत्या दुरुस्त्या असत. गुण शेवटच्या पानाच्या मागे लिहायचे, ही बाईंची रीत. आज न्यायाधीश म्हणून मिरवणारी माणसंसुद्धा कबूल करतात की ते पान उलटताना त्यांना दरदरून घाम फुटायचा.

याच बाईंनी बावीस वर्षं जिल्ह्यातल्या आपल्या कृष्णवर्णीय लोकांच्या जुन्या दफनभूमी पालथ्या घातल्या. गुडघाभर गवतात बसून, दगडांवरचं शेवाळ दात घासायच्या ब्रशने खरवडून, गुलामीतून सुटल्यावर इथे पहिल्या शाळा काढणाऱ्या चारशे बारा शिक्षकांची नावं त्यांनी शोधून काढली. त्यांचं पुस्तक झालं. कॉलेजने त्या पुस्तकाचा मोठाच मान राखला. त्याला काचेचं कपाट दिलं आणि कपाटाला कुलूप घातलं.

बाईंना ना नवरा ना मूल. रविवारी शेजारी बसायला एकच माणूस होतं, ओझेला बर्डसाँग. ओझेला तीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होती आणि निवृत्त झाल्यावरही चर्चची चिटणीस होतीच. गावात कुणी गेलं की अंत्यविधीची पुस्तिका तीच तयार करायची. त्यात आधी असायचं, 'मनोगतं – कृपया दोन मिनिटं'. चर्च बांधल्यापासून ही दोन मिनिटं कुणी पाळलेली नाहीत. मग यायचं, 'जीवनपरिचय – मनातल्या मनात वाचावा'. त्या वेळी पियानो हळू वाजतो आणि सगळे माना खाली घालून पान वाचतात. तोंडाने खोटं बोलून झालेलं असतं, आता छापलेलं खोटं वाचायचं, एवढाच फरक.

जाण्याच्या तीन आठवडे आधी बाईंनी ओझेलाच्या हातात एक पाकीट ठेवलं.

"माझा जीवनपरिचय. मी गेल्यावर उघड. एक शब्दही बदलायचा नाही."

"डॉक्टर, असं काय अभद्र बोलता! तुम्ही चांगल्या शंभरी—"

"ओझेला, गोड बोलून मला मारू नकोस, मी तशीही मरतेच आहे. आणि स्वल्पविराम नीट दे, तू ते मिठासारखे भुरभुरतेस."

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजचे अध्यक्ष क्लॅरेंडन पेटीफर्ड स्वतः ओझेलाच्या दारात हजर झाले. हातात गुळगुळीत कागदावर छापलेला सहा पानी जीवनपरिचय होता. त्यात बाईंचं जन्मगाव चुकलं होतं आणि अध्यक्षांचं नाव चार वेळा बरोबर आलं होतं.

"भगिनी बर्डसाँग, बाई म्हणजे आमची आईच हो," अध्यक्षांनी गळा काढला. "हेच छापायचं बरं का."

आईला तळघरात कोण ठेवतं, असं ओझेलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती नुसतं "बघते" म्हणाली. त्या तळघराचा विषय निघाला की तिची नेहमी बोबडी वळायची.

एकोणीसशे सत्याऐंशी साली विभागप्रमुखाची जागा बाईंना मिळणार हे ठरल्यातच जमा होतं. मग तरुण प्राध्यापक पेटीफर्ड यांनी अकरा सह्यांचं एक पत्र वर धाडलं. जागा पेटीफर्डना मिळाली आणि बाईंची खोली तळघरात, बॉयलरच्या शेजारी गेली. ते पत्र ओझेलाने टाइप केलं होतं. मजकूर तिचा नव्हता, सही तिची नव्हती, पण शुक्रवारी टाइप केलेलं पत्र सोमवारी वर जायचं होतं आणि मधल्या रविवारी ती बाईंना सावध करू शकली असती. ती मूग गिळून बसली. नंतर दर नाताळात ती बाईंना घरचा केक नेऊन द्यायची. चौतीस केक झाले, पण तोंड काही उघडलं नाही.

आता तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकीट उघडलं. आत तीन कागद होते. पहिले दोन वाचताना तिला इतकं हसू आलं की चष्मा पुसावा लागला. तिसऱ्याच्या तळाशी मात्र लिहिलं होतं: 'ते पत्र ओझेला बर्डसाँगने टाइप केलं. तिच्या यंत्राचं एक अक्षर नेहमी अर्धंच उठायचं, मी लगेच ओळखलं. शुक्रवारी तिने ते टाइप केलं आणि रविवारी ती माझ्या शेजारी बसून गायली.' खाली एक बाण होता. पान उलटा.

ओझेलाने पान उलटलं नाही. मागे काय असणार, गुण! बाईंनी दिलेले गुण बघायची तिची छाती झाली नाही. तिने बाकीचा मजकूर जसाच्या तसा टाइप केला, स्वतःबद्दलची तीन वाक्यं गाळली आणि पुस्तिका छापायला दिली. अध्यक्षांची सहा पानं तिने कणीस गुंडाळायला घेतली.

शनिवारी चर्च भरून वाहत होतं. जिवंतपणी बाईंना चुकवायला जे लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, ते झाडून सगळे पुढच्या बाकांवर होते. मनोगतं दोन तास चालली. शेवटी अध्यक्ष उठले आणि त्यांनी आपली दोन मिनिटं अर्धा तास पुरवली. "बाईंचं पुस्तक," ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "रोज रात्री माझ्या उशाशी असतं." रुमालाने डोळे टिपून ते बसले, पियानो सुरू झाला आणि सगळ्यांनी पुस्तिका उघडली.

'१९८७ मध्ये क्लॅरेंडन पेटीफर्ड आणि दहा सहकाऱ्यांनी मी मिळून मिसळून राहत नाही असं कॉलेजला लेखी कळवलं,' लोक मनातल्या मनात वाचत होते. 'ते खरं होतं. मला बॉयलरशेजारची खोली मिळाली आणि तिथल्या उबेत मी पुस्तक पूर्ण केलं. पेटीफर्डना दिलेल्या प्रतीत चाळिसाव्या पानावर मी एक चिठ्ठी ठेवली होती: इथपर्यंत आलात तर फोन करा. सोळा वर्षं झाली. माझा फोन चालू आहे.'

आधी मागच्या बाकावर कुणाला तरी ठसका लागला. मग गायकवृंदातल्या बायकांनी पुठ्ठ्याचे पंखे तोंडापुढे धरले, पण पंखेच गदागदा हलायला लागले. अध्यक्ष पुस्तिकेत इतके खोल शिरले की फक्त त्यांचे कान दिसत होते, आणि ते लाल झाले होते. उठून खुलासा करायची सोय नव्हती. पानच मनातल्या मनात वाचायचं होतं.

शेजारच्या लव्हॉनने ओझेलाचा हात दाबला. "अगं बये, काय छाती आहे तुझी!" ती कुजबुजली. "अध्यक्षांना न भिता छापलंस! आम्ही असतो तर शेपूट घातलं असतं."

हे मात्र ओझेलाला सोसलं नाही. शिव्या मिळाल्या असत्या तर तिने गिळल्या असत्या. बाईंच्या अंत्यविधीत तिने पेपरातली आपली चूक खोडून टाकली होती आणि वर शाबासकी घेत बसली होती. बाईंनी हे पाहिलं असतं तर पेन्सिल मोडली असती.

ती उठली. पांढरे हातमोजे घातलेला स्वयंसेवक लगबगीने पुढे आला, कारण या वेळी चर्चमध्ये कुणी उठत नाही. ओझेलाने त्याला हातानेच थांबवलं, पुढे जाऊन पर्समधून तो तिसरा कागद काढला आणि म्हणाली, "पुस्तिकेत तीन वाक्यं कमी आहेत. ती मी गाळली." पियानो थांबला. तिने ती वाचली, शुक्रवारसकट आणि रविवारसकट. हसणारी तोंडं मिटली. लव्हॉनने हात काढून घेतला.

मग सगळ्या गावासमोर, घामेजल्या बोटांनी, ओझेलाने पान उलटलं. मागे लाल पेन्सिलीने लिहिलं होतं. तेही तिने मोठ्याने वाचलं.

'ओझेला, पान उलटलंस, बरं झालं. आयुष्यात हा एकच पेपर मी तपासला नाही. तपासला असता तर गुण द्यावे लागले असते, आणि गुण दिले असते तर तू रविवारी माझ्या शेजारी बसली नसतीस. केक मात्र दरवर्षी कोरडाच होता. मी सगळा खाल्ला.'

एवढ्याला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. ती तिसऱ्या बाकावर परत आली, बाईंची बसायची उशी तिथेच होती, ती मांडीवर घेतली आणि ओझेला ढसाढसा रडली.