खेळ लोड होताना

एम्युलेटर म्हणजे नव्या संगणकाला जुन्या संगणकाचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. तो निवडायला माझी धाकटी बहीण शुभा आज सकाळीच येऊन बसली. लहानपणी आम्ही खेळायचो तो गुहेचा खेळ तिला पुन्हा हवा होता, अगदी तसाच.

पहिला एम्युलेटर फारच खानदानी निघाला. त्याच्या वर्णनात 'अनुभव' हा शब्द इतक्यांदा होता की प्रत्यक्ष खेळायची गरजच उरू नये. खेळ क्षणात उघडला. चित्रं नुकतीच दाढी केल्यासारखी गुळगुळीत.

"दादा, हा आपला नाही," शुभा हिरमुसली. "आपला असा बोलावल्याबरोबर यायचाच नाही."

दुसऱ्याचं रूप यथातथाच. पण बटण दाबलं आणि कॅसेटची ती कर्कश शीळ सुरू झाली! पडद्याच्या कडेनं रंगीत पट्टे धावू लागले आणि आम्ही दोघं श्वास रोखून पुतळे झालो. तेव्हा खेळ कॅसेटवरून यायचा. टेबलाला धक्का लागला की सगळं पहिल्यापासून. म्हणून खेळ पुरता येईपर्यंत घरात कुणी चालायचं नाही, असा आमचा कायदा होता. माणसं वस्तूंचे गुण लक्षात ठेवतात म्हणे. आम्हाला तर खोडीच पाठ होत्या.

इतक्यात माझी बायको चहा घेऊन दारात आली.

"वहिनी, हलू नकोस!"

"अगं, पण आता कॅसेट आहे कुठे?"

"नाहीये. तरी हलू नकोस."

ती ट्रे धरून उंबऱ्यातच थांबली. चहावर साय धरली, आणि गुहेचं दार उघडलं.