वळायला लागणारा वेळ

वाळवंटात गवत कापायचं काम करतो म्हटल्यावर महादू गोताडवर गावात कुणी विश्वास ठेवला नव्हता. "तिथे गवतच कुठलं?" म्हणून लोक हसले. हसोत बापडे. आखातातल्या अल ऐन शहराबाहेर एका बड्या घराची बाग आहे आणि तिच्यात फुटबॉलची दोन मैदानं मावतील एवढं गवत आहे, पाणी पाजून वाढवायचं आणि वाढलं की कापायचं. सोळा वर्षं महादू ते ढकलायच्या यंत्राने कापत होता. लांज्याकडचा माणूस, वय बावन्न, तोंडाने तिखट आणि मनाने हळवा. तिखटपणा सगळ्यांना माहीत होता, दुसरं त्याने कुणाला कळू दिलं नाही.

त्याच्यामागून दाताळं घेऊन नूरुद्दीन सोलकर चालायचा. राजापूरचा, महादूहून सात वर्षांनी मोठा, म्हणून नुरूभाय. महादूने कापायचं, नुरूभायने कापलेलं ओढून हातगाडीत भरायचं, मग ते मालकाच्या शेळ्यांना जायचं. यंत्र चालू असताना बोलणं ऐकू येत नसे. पण ओळ संपली की ते धूड वळवायला थांबावंच लागे. इंजिन बंद करायचं, दोघांनी मिळून ते फिरवायचं, घाम पुसायचा, आणि तेवढ्यात दोन वाक्यं व्हायची. अशा दोन-दोन वाक्यांवर नुरूभायने स्वतःच्या लग्नाची गोष्ट तीन वर्षं ताणली होती. वऱ्हाडाची होडी खाडीच्या चिखलात रुतली होती आणि मेली अजून निघत नव्हती.

खोलीत बारा माणसं, पण बंगाली, नेपाळी, पठाण. बायको तानुबाई फोन करायची, तिच्यामागे घरची कामं एवढी की 'जेवलात काय' आणि 'ठेवते' यांच्यामध्ये फारसं काही उरत नसे. म्हणजे महादूचं बोलणं काय ते ओळीच्या टोकाला. बाकी दिवस 'हां भाई' आणि 'खलास' यांत जायचा.

मार्चमध्ये सुपरवायझर राजन म्हणाला, "महादू, नया मशीन लेना है, बैठनेवाला. चलाएगा तू, तो पसंद भी तू कर. यल्ला, गाडी में बैठ."

दुकानात दोन यंत्रं समोर उभी होती. दोन्ही झिरो टर्न. स्टिअरिंग नाही, हाताशी दोन दांडे. दोन्ही पुढे लोटले की सरळ जातं, एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी गर्रकन फिरतं. महादू बसला आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्याने पहिल्याच फेरीत दोन खांबांना लागोपाठ वळसे घातले. बैलांचे कासरे धरून वाढलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक! मग त्याने किंमत विचारली. पंचवीस हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ सहा लाख, असं मोठ्याने म्हणून तो सीटवरून खालीच उतरला. राजन हसला.

फरक एकच होता. दुसऱ्या यंत्राच्या पाठीला दोन मोठ्या पिशव्या होत्या. कापलेलं गवत नळीतून आपोआप त्यांत जायचं. दुकानातला परेश कौतुकाने म्हणाला, "ये लो तो पीछे दूसरा आदमी लगता ही नहीं."

महादूने पिशव्यांकडे पाहिलं. दुसरा आदमी म्हणजे नुरूभाय. पिशवी आली की नुरूभाय जाणार, आज नाही तर उद्या.

सोळा वर्षांत यंत्राबद्दल खोटं न बोललेला माणूस तोंड वर करून म्हणाला, "थैलीवाला नको. हमारा गवत गीला रहता है. नळी जाम होगी, रोज खोलना पडेगा."

राजनने त्याच्याकडे पाहिलं. "पक्का?"

"पक्का."

यंत्र आलं, बिनपिशवीचं. महादू मनात म्हणाला, वाचला माझा माणूस.

आणि इथेच तो फसला. काम निम्म्याहून कमी वेळात व्हायला लागलं. कानांवर जाड झाकणं, बुडाखाली एकट्याची सीट. ओळीच्या टोकाला थांबायचं कारणच उरलं नाही. दांडे ओढायचे, वळायचं, निघायचं. नुरूभाय मागे कुठेतरी राहायचा, हातभर दाताळं आणि मैदानभर उधळलेलं गवत. आधी एक सरळ रेघ ओढायला असायची, आता हे यंत्र बाजूला फेकणार ते गोळा करता करता म्हाताऱ्याचा जीव मेटाकुटीला आला. होडी चिखलातच राहिली.

एप्रिलच्या शेवटी एकदा महादूने मागे पाहिलं तर नुरूभाय खजुरीच्या बुंध्याला टेकून खाली बसलेला. महादूने यंत्र बंद केलं आणि पाणी घेऊन धावला.

"काय झालं?"

"काय नाय. दम लागला." नुरूभायने बाटली अर्धी केली. मग म्हणाला, "आता सांगतोच तुला. राजन बोललेला, पिशवीवाली मशीन आली तर तुला शारजाच्या बागेत पाठवतो. माझी पोरगी हाफिजा तिथंच नाय काय, रोल्ल्याच्या वस्तीत? तिच्या पोराला मी अजून नीट हातात घेतला नाय. चार महिन्यांचा झाला. पण बिनपिशवीची आली. नशीब एकेकाचं."

महादू त्याच्यासमोर खाली बसला. मग तोंडातून आलं ते तडक आलं. "मीच नको बोललो. पिशवीवाली समोर होती. तू जाशील म्हणून नको बोललो."

नुरूभायने बाटलीचं बूच घट्ट लावलं.

"गाढवा," तो म्हणाला, "इचारायचंस तरी."

"तू तरी सांगायचंस."

"तू एकटा पडशील म्हणून नाय सांगितलं."

सोळा वर्षं दोन-दोन वाक्यांची सवय, दोन वाक्यांत हे एवढं मावलं कसं कोण जाणे.

महादू तसाच राजनकडे गेला. "थैली लगाओ मशीन को. अलग से मिलती है ना?"

"तूने ही बोला था, जाम होता है."

"झूठ बोला था," महादू म्हणाला. "मेरी गलती."

राजनने शिव्या घातल्या, त्या त्याने खाल्ल्या. हक्काच्या होत्या. पंधरवड्यात पिशव्या आल्या आणि त्याच आठवड्यात नुरूभाय बॅग घेऊन कंपनीच्या गाडीत बसला. महादूने विचारलं, "होडीचं काय झालं शेवटी?"

"फोन कर, सांगतो."

दुसऱ्या दिवशी महादू एकटाच बागेत उतरला. पहिली ओळ सरळ कापली. पिशव्यांत गवत बिनतक्रार जात होतं, नळी कुठेही जाम झाली नाही. ओळीच्या टोकाला आल्यावर त्याने इंजिन बंद केलं. बंद करायची गरज नव्हती. कानांवरची झाकणं काढली, खिशातून फोन काढला आणि लावला.

"हां महादू," नुरूभाय अगदी हळू आवाजात म्हणाला. "पोर मांडीवर झोपलाय रे. मागाहून कर."

"बरं," महादू म्हणाला. त्याचाही आवाज आपोआप हळू झाला होता.

त्याने फोन ठेवला, इंजिन चालू केलं आणि दोन्ही दांडे धरले. यंत्र जागच्या जागी वळलं. वळायला वेळ असा लागलाच नाही.