उत्तरेचा उजेड

चित्र काढायची जागा तयार करण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात नव्हता. काष्टीच्या शाळेत ते गणित शिकवत. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांनी फळ्यावरच्या वर्तुळापलीकडे काही काढलं नव्हतं. एका सुट्टीत पुण्याला कुणाच्या तरी घरी भिंतीवर जलरंगातलं चित्र पाहिलं, आणि परत येऊन त्यांनी जाहीर केलं, "आता आपण हे करायचं." त्यानंतर कित्येक महिने त्यांनी एकही चित्र काढलं नाही. ते उजेड शोधत होते.

उजेड उत्तरेचा लागतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. हातात कोरा कागद घेऊन ते घरभर हिंडत, कागद भिंतीशी धरत, मान तिरकी करून बघत आणि "पिवळा पडतोय" म्हणून पुढं सरकत. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, भाकरी थापत असली तरी हे चुलीशी कागद धरून उभे! शेवटी मनासारखी खिडकी सापडली ती न्हाणीघरात. साल बहात्तरचं. गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते. "नाहीतरी आंघोळ ओल्या फडक्यावर आलीय," असं म्हणत त्यांनी घंगाळ अंगणात काढलं आणि टेबल आत नेलं.

मी नगरहून मुद्दाम बघायला गेलो. टेबलाच्या मागच्या पायांखाली विटा होत्या, कारण रंग वरून खाली आपसूक उतरत यायला हवा. रंग कालवायला एनॅमलची पांढरी ताटली होती. कागद ओला करून, चारी कडा चिकटपट्टीनं फळीवर बसवून वाळवला होता. साडू त्याच्यावर टिचकी मारत आणि हलगी तापली की नाही बघावं तसे कान लावत. मी एक कुंचला केस खाली करून पेल्यात ठेवला, तर ते कळवळले. "पाहुणे, तुम्हाला कुणी असं डोक्यावर उभं केलं तर?" हसू यायला हवं होतं, पण दुसऱ्या वेळी त्या न्हाणीघरात शिरताना मी चपला बाहेर काढल्या.

भांडण होतं ते पाण्याचं. कुंचला धुवायला एक वाटी, रंगात घालायला दुसरी. अक्का म्हणाली, "माणसांना प्यायला न्हाई, अन् तुम्ही कागदाला पाजा!" साडूंनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून त्यांनी दुपारचा चहा सोडला आणि चहापुरतं पाणी वाट्यांत घेऊ लागले. तेवढ्यावर ते आभाळाचा सराव करत. नुसतं आभाळ, वर गडद आणि खाली फिकं. जिवंत प्राणी काढायची त्यांची छाती होत नव्हती.

मी तिथं असतानाच बाजाराचा दिवस आला. सकाळी शेजारचे किसनराव बैल घेऊन दारात उभे राहिले. एका हातात कासरा, दुसऱ्यात तांब्या.

"गुर्जी, पाखऱ्याला बाजारात न्हेतोय. वैरन सपली. जायच्या आदी त्येचं चित्र काढता का? पानी मी आनलंय."

 साडूंनी एकदा बैलाकडं पाहिलं, एकदा न्हाणीघराच्या दाराकडं. मग आत गेले आणि फळी, ताटली, वाट्या, सगळं उचलून रणरणत्या अंगणात आणलं. घंगाळ पालथं घालून त्यावर बसले. इतके महिने शोधलेला उजेड आत राहिला, त्याचं नावही काढलं नाही.

पाखऱ्याचं तोंड कागदावर जेमतेम उतरलं होतं, तोच त्यानं मान लांबवून दोन्ही वाट्या चाटून पुसून कोरड्या केल्या. मग जीभ तांब्यात घातली. किसनरावांनी कासरा ओढला, हात उगारला.

"मारू नका," साडू म्हणाले. "पिऊ द्या त्याला."

रंग ताटलीत सुकू लागले. तेवढ्यात अक्का बाहेर आली. तिनं भरलेली कळशी साडूंच्या शेजारी टेकवली आणि बैल आणि वाट्या यांच्या मधोमध पदर खोचून उभी राहिली.

चित्र झालं. पाय आखूड होते, शिंगं जरा मोठीच. किसनराव बराच वेळ बघत राहिले. "बघतोय की ह्यो माज्याकडं," एवढंच म्हणाले आणि बैल घेऊन बाजाराच्या वाटेला लागले. साडू न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले. त्या दिवशी त्यांनी जेवणही नको म्हटलं.

पुढच्या वर्षी पाऊसकाळ बरा झाला. पोळ्याला किसनरावांनी आम्हा दोघा साडूंना जेवायला बोलावलं. गोठ्यात नवा बैल सजून उभा होता. ओवाळून झाल्यावर त्यांची बायको ताट घेऊन घरात आली आणि भिंतीवर बिनकाचेच्या डकवलेल्या पाखऱ्याच्या चित्रासमोर थांबली. तिनं कुंकवात ओलं बोट बुडवलं.  ओला हात कागदाजवळ नेला म्हणून साडूंनी मला किती वेळा बाहेर काढलं होतं!

साडू पुढं झाले. त्यांचा आवाज अगदी हळू होता.

"थोडं वर, वहिनी. कपाळ वर आहे त्याचं."