ठिणगी मिळणार नाही

आमच्या दुकानात ठिणगी मिळत नाही. आधीच सांगून ठेवते, कारण गिऱ्हाईक त्यावरूनच भांडतं. बॅटरी चार्ज झाली की दोन टोकांना वायर टेकवायची, चटकन निळी ठिणगी उडते आणि गिऱ्हाईक खूश. या धंद्यातली रीतच आहे तशी. समोरचा दुकानदार दिवसभर ठिणग्या उडवतो. माझ्या सासूबाई मात्र काचेच्या नळीत बॅटरीतलं अ‍ॅसिड ओढतात आणि आत तरंगणारा काटा गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरतात. काटा वर तरंगला तर बॅटरी भरली. त्यात बघण्यासारखं काही नाही, हे मलाही मान्य आहे.

त्यांचे बाकीचे नियमही तसलेच. चार्जिंगच्या खोलीला दार होतं, ते त्यांनी बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. चार्ज होताना बॅटरीतून निघणारा गॅस चटकन पेट घेतो, पण तो दिसत नाही, त्याला वासही नसतो, म्हणून खोली बारा महिने उघडी. थंडीत आम्ही कुडकुडतो. चष्मा लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आधी चार्जरचं बटण बंद, मग चिमटे काढायचे. उलटं केलं की दिवसभर बोलणी खा.

सासरे दुकानाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पण बुडबुड ऐकून कुठली बॅटरी भरत आली ते सांगतात. डोळे कसे गेले म्हणून विचारलं तर "माझ्याच चुकीनं," एवढंच उत्तर.

परवा रिक्षावाल्यांचा कप्तान आला. बॅटरीच्या वीस रिक्षा त्याच्या शब्दावर चालतात आणि आमचं निम्मं दुकान त्या रिक्षांवर.

"मावशी, पोरं म्हणतात तुमच्याकडे बॅटरी नीट भरत नाही. ठिणगी दाखवा, नाहीतर उद्यापासून सगळे समोर."

"नळी बघ."

"नळीतलं मला काय कळतंय? ठिणगी कशी, दिसते."

माझा नवरा एरवी आईपुढे तोंड उघडत नाही, पण वीस रिक्षा हातच्या जाताना बघून त्याचा धीर सुटला. त्यानं वायर उचलली. बॅटरी नुकतीच चार्जिंगवरून उतरवलेली, झाकणं अजून उघडी. खरं सांगते, मलाही वाटलं, दाखव बाबा एकदाची आणि मिटव.

सासूबाई पुढे झाल्या आणि हातमोज्यांसकट दोन्ही पंजे त्यांनी बॅटरीवर ठेवले.

"आई, एकदाच."

"तीसुद्धा एकदाच होती," त्या म्हणाल्या आणि कप्तानाकडे वळल्या. "लग्नाला चार महिने झाले होते. गिऱ्हाईक ठिणगी मागत होतं. हे वाकून पाण्याची पातळी बघत होते आणि वायर माझ्या हातात होती. बॅटरी फुटली ती ह्यांच्या तोंडावर. गिऱ्हाइकाला खरचटलंसुद्धा नाही."

तीस वर्षांत हे घरात कोणी ऐकलं नव्हतं. नवरा वायर धरून तसाच उभा राहिला. मला माझीच लाज वाटली.

"ठिणगी पाड म्हणालो तो मीच," खुर्चीतून सासरे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा." सासूबाईंचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. "कप्तान, वीसच्या वीस रिक्षा ने. ठिणगी समोर मिळेल. फक्त जाताना ह्यांच्याकडे नीट बघून जा."